बंधूपुढें मृदु, सत्तेपुढें अढळ

गुरूकडून मिळालेला आचार स्वतः पाळणें ही निष्ठा होय. तोच आचार न पाळणाऱ्यास वाळींत टाकणें हा केवळ दुराग्रह. हा भेद आमच्या पुष्कळ आग्रही मित्रांच्या ध्यानीं येत नाहीं. त्यांनीं स्मुर्णा येथील पॉलिकार्प याचें चरित्र अवश्य अवलोकन करावें.

स्मुर्णा म्हणजे तुर्कस्तानांतील आजचें इझमीर. तेथील ख्रिस्ती मंडळीचा हा बिशप प्रेषित योहानाचा शिष्य होता, अशी साक्ष आयरिनियस देतो. साक्षीदार भरंवशाचा आहे. त्यानें बालपणीं पॉलिकार्पचें बोलणें स्वतः ऐकिलें होतें. म्हातारा कोठें बसे, योहानाच्या आठवणी कशा सांगे, हें सारें त्यानें पुढें एका पत्रांत लिहून ठेविलें. हा योहान बारा शिष्यांपैकींच, कीं त्या नांवाचा दुसरा कोणी वडील, असा वाद विद्वान करितात. परंतु आमच्या मुद्द्यास त्यानें बाध येत नाहीं.

उतारवयांत पॉलिकार्प रोमला गेला. तेथें बिशप अनिसेटस याच्याशीं ईस्टरच्या दिवसाविषयीं वाद निघाला. आशियांतील मंडळी तो सण यहुदी निसान महिन्याच्या १४ व्या तिथीस, वार कोणताही असो, पाळीत. रोमची रीत रविवारची. पॉलिकार्प म्हणे, योहानाबरोबर मीं हा सण असाच पाळिला. अनिसेटस म्हणे, माझ्या पूर्वीच्या वडिलांची रीत मला सोडवत नाहीं. दोघांपैकीं कोणीच हटला नाहीं. तरीही दोघांनीं एकत्र प्रभुभोजन घेतलें, अनिसेटसनें आपल्या मंडळींत त्या विधीचा मान पाहुण्यास दिला, आणि दोघे सलोख्यानें निरोप घेऊन निघाले.

यावर कोणी म्हणेल कीं, पॉलिकार्प मुळांतच मवाळ असावा. तसें मुळींच नाहीं. धर्माचें मूळच उपटतो असें ज्याविषयीं त्याचें मत होतें, त्या मार्सियनास त्यानें तोंडावर सैतानाचा ज्येष्ठ पुत्र म्हटलें, असें आयरिनियसच सांगतो. हे शब्द आम्हांस रुचत नाहींत. परंतु मूळ तत्त्व कोणतें आणि रूढि कोणती, हें त्यानें मनाशीं पक्कें ठरविलें होतें, एवढें यावरून स्पष्ट होतें.

सुमारें इ. स. १५५ मध्यें त्याच्यावर पाळी आली. स्नेह्यांच्या आग्रहावरून तो प्रथम शेतावर जाऊन राहिला. आपण होऊन मरण ओढवून घेण्याची हौस त्यास नव्हती. शिपाई आले तेव्हां त्यांस जेवूं घालण्यास सांगून त्यानें प्रार्थनेपुरता अवकाश मागितला. रोमन कायद्याची गंमत पाहा. सम्राट ट्रेजननें सुमारें इ. स. ११२ मध्यें प्लिनीस कळविलें होतें कीं, ख्रिस्त्यांचा शोध करूं नये, शाबीत झाल्यास शिक्षा द्यावी, आणि आमच्या देवांस भजेल त्यास सोडावें. एका वाक्यानें जो गुन्हा नाहींसा होतो, तो गुन्हा कृतीचा नव्हे, मनाचा. प्रांताधिपतीनेंही तोच सौदा पुढें केला: सीझरची शपथ घ्यावी, ख्रिस्ताची निंदा करावी आणि सुटून जावें. ८६ वर्षें ज्याची सेवा केली त्या धन्याची निंदा करण्याचें म्हाताऱ्यानें नाकारिलें, आणि चिता पतकरली.

पुढें सुमारें इ. स. १९० मध्यें रोमचा बिशप व्हिक्टर हा त्याच ईस्टरच्या वादावरून आशियांतील मंडळ्यांस बहिष्कृत करावयास निघाला. तेव्हां आयरिनियसनें त्यास अनिसेटस आणि पॉलिकार्प यांच्या भेटीचें स्मरण दिलें. वस्तुतः आयरिनियस स्वतः रविवारची रीत पाळणारा! गुरूची तिथि त्यानें घेतली नाहीं. गुरूचा सलोखा मात्र घेतला. खरी शिष्यपरंपरा ती हीच.

आमच्यांत बहुधा उलट प्रकार दिसतो. तिथि, पंक्ति आणि सोंवळें यांसाठीं आम्ही सख्ख्या भावाशीं बोलणें टाकितों. आणि अधिकाऱ्यानें भुंवई चढविली कीं मनांतलें मत मनांतच ठेवितों. पॉलिकार्प कोठें वांकला आणि कोठें वांकला नाहीं, याचा हिशेब प्रत्येकानें आपल्या वर्तनाशीं ताडून पाहावा.