चौदाव्या वर्षी घरात कोण कमवत होतं?

तुम्ही साधारण १४ वर्षांचे होतात, तेव्हा तुमच्या घरात सर्वांत जास्त कमावणारी व्यक्ती काय काम करत होती? जरा आठवा. नववीचं वर्ष. बाबा बँकेत होते? आई शाळेत शिकवायची? किराणा मालाचं दुकान होतं, की कुणी ट्रक चालवायचं?

प्रश्न उगाच विचारत नाहीये. ब्रिटनमध्ये एखाद्या मोठ्या कंपनीत किंवा सरकारी खात्यात नोकरीसाठी अर्ज केलात, तर नाव, पत्ता, डिग्री यांच्या खाली हा प्रश्न दिसण्याची बरीच शक्यता आहे. उत्तर द्यायची सक्ती नसते. कुठल्या घरांतून किती जण आपल्याकडे येतात, हे मोजायला सहसा ही माहिती वापरली जाते. तिथल्या सोशल मोबिलिटी कमिशननं कंपन्यांना हा प्रश्न सुचवला. त्यामागचा विचार साधा आहे. घरचं उत्पन्न किती होतं, हे पोरांना नेमकं सांगता येत नाही. आईबाबा काय काम करायचे, हे मात्र सगळ्यांनाच माहीत असतं. आपल्या फॉर्मवर जातीचा रकाना असतो, त्यांच्या फॉर्मवर हा. त्यांचं जुनं दुखणं म्हणजे 'क्लास'. शाळेतला वर्ग नव्हे, समाजातला.

आणि गंमत म्हणजे, ते दुखणं बरंचसं शाळेच्या वर्गातच सुरू होतं.

ब्रिटनमधली साधारण ७ टक्के मुलं खासगी शाळांत शिकतात. बाकीची सगळी सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळांत, फुकट. म्हणजे १०० मुलांमागे ७. आता २०१९ सालचा सटन ट्रस्ट आणि सोशल मोबिलिटी कमिशन यांचा अहवाल बघा. वरिष्ठ न्यायाधीशांपैकी ६५ टक्के खासगी शाळांतले. सरकारी खात्यांच्या सर्वोच्च सचिवांपैकी ५९ टक्के. हाऊस ऑफ लॉर्ड्समधले ५७ टक्के. वर्तमानपत्रांत कॉलम लिहिणाऱ्यांपैकी ४४ टक्के (आमच्या धंद्याचीही गत काही वेगळी नाही). आणि पुरुष फुटबॉलपटूंमध्ये? फक्त ५ टक्के. फुटबॉलला एक चेंडू आणि मोकळी जागा पुरते. न्यायाधीश व्हायला काय काय लागत असेल, याचा अंदाज या आकड्यांवरून येतो.

या शाळांमधल्या सगळ्यांत जुन्या आणि वजनदार शाळांना तिकडे 'पब्लिक स्कूल' म्हणतात. हो, पब्लिक! आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणाऱ्या 'अमुकतमुक पब्लिक स्कूल'च्या पाट्या तिथूनच आल्या. पब्लिक अशासाठी की, कुठल्याही गावचा मुलगा तिथे येऊ शकायचा. खिशात फी असली की झालं. यातली सगळ्यांत प्रसिद्ध शाळा ईटन. १४४० मध्ये राजा सहावा हेन्री यानं ती काढली, ती ७० गरीब मुलांना फुकट शिकवता यावं म्हणून. आज तिथे करासकट वर्षाची फी ६० हजार पौंडांच्या पुढे आहे. म्हणजे आपल्या पैशांत ७० लाख रुपयांच्या आसपास. एका मुलाची, एका वर्षाची. ७० शिष्यवृत्तीवाली मुलं अजूनही असतात, पण त्यांच्याभोवती हजाराहून जास्त फी भरणारी असतात. या एका शाळेनं देशाला २० पंतप्रधान दिलेत. बोरिस जॉन्सन विसावे.

इतके पैसे मोजून मिळतं काय? चांगले शिक्षक, कमी मुलांचे वर्ग, हे झालंच. पण तेवढ्यावर थांबू नका. अशा शाळांत स्वतःचं नाट्यगृह असतं, संगीताच्या खोल्या असतात, हिरवीगार मैदानं असतात. एडी रेडमेन, टॉम हिडलस्टन, डेमियन लुईस हे तिघेही ईटनचे. बेनेडिक्ट कंबरबॅच हॅरोचा. नेहरू शिकले तेच हॅरो. २०२५च्या जानेवारीत नवी मुंबईत ज्याच्यासोबत तुम्ही गळा फाडून गायलात, तो कोल्डप्लेचा ख्रिस मार्टिन शेरबोर्न नावाच्या बोर्डिंग स्कूलचा. यातल्या कुणाच्या टॅलेंटबद्दल मला शंका नाही. प्रश्न एवढाच आहे की, तेवढंच टॅलेंट असलेला आणि शाळेत स्टेज नसलेला मुलगा कुठे गेला? लंडनच्या क्रॉयडन भागात ब्रिट स्कूल नावाची फुकट शाळा आहे. गाणं, नाटक, नाच शिकवणारी. तिथून अॅडेल आली, एमी वाइनहाऊस आली, आपला स्पायडरमॅन टॉम हॉलंड आला. स्टेज दिलं की मुलं निघतात, असा याचा सरळ अर्थ.

क्रिकेटचं तेच. त्याच अहवालात इंग्लंडच्या पुरुष संघासाठी आकडा होता ४३ टक्के. सरकारी शाळांकडची मैदानं कमी झाली आणि चांगली खेळपट्टी राखणं शाळेला परवडेना. भरीला, २००५च्या गाजलेल्या अॅशेसनंतर कसोटी सामन्यांचं थेट प्रक्षेपण चॅनल ४ वरून स्काय या पैसे भरून बघायच्या चॅनलवर गेलं. मग खासगी शाळाच गुणी पोरं हेरून शिष्यवृत्ती देतात. जो रूट असाच, शेफिल्डचा मुलगा, शेवटची काही वर्षं वर्कसॉप कॉलेजमध्ये. २०२३ मध्ये तिथल्या क्रिकेटची तपासणी करणाऱ्या स्वतंत्र आयोगानं वंशभेद आणि लिंगभेद यांच्या पंगतीत वर्गभेदालाही बसवलं.

स्कायवरून ऋषी सुनक आठवलेच. २०२४च्या निवडणुकीत मुलाखतकारानं त्यांना विचारलं, लहानपणी तुम्हाला कशाकशाविना राहावं लागलं? सुनक म्हणाले, बऱ्याच गोष्टी, उदाहरणार्थ स्काय टीव्ही! सोशल मीडियावर त्यांची जी काही उडवली गेली, विचारू नका. त्याआधी त्यांची २००१ची एक क्लिप व्हायरल झाली होती. बीबीसीच्या माहितीपटात विशीतले सुनक सांगत होते की, त्यांच्या मित्रांत उमराव घराण्यातले आहेत, उच्च वर्गातले आहेत, कामगार वर्गातले आहेत. आणि पुढच्याच क्षणी, कामगार वर्गातले नाहीत म्हणा.

त्यांच्यावर हसणं सोपं आहे. पण त्यांच्या घराकडे नीट बघा. वडील डॉक्टर, आई औषधांच्या दुकानाची मालकीण, दोघांचीही घरं पूर्व आफ्रिकेतून आलेली. त्यांनी कमाई मुलाच्या शाळेत घातली. शाळा विंचेस्टर, १३८२ सालची. मग ऑक्सफर्ड, स्टॅनफर्ड आणि शेवटी १०, डाउनिंग स्ट्रीट. आपल्याकडच्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांना हा हिशेब तोंडपाठ आहे. पोटाला चिमटा घ्या, पण शाळा चांगली बघा. त्यात त्या आईबापांचं काही चुकलं, असं मला वाटत नाही. ज्यांच्या पोटाला आधीच चिमटा बसलेला असतो, त्यांनी काय करायचं, याचं उत्तर मात्र या हिशेबात नसतं.

बरं, समजा एखादी मुलगी सरकारी शाळेतून शिकली, ऑक्सफर्डला गेली, मोठ्या फर्ममध्ये लागली. जिंकली ना? सॅम फ्रीडमन आणि डॅनियल लॉरिसन या दोन समाजशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये 'द क्लास सीलिंग' हे पुस्तक लिहिलं. त्यात हीच मंडळी त्यांनी तपासली आहेत. कामगार घरांतून येऊन डॉक्टर, वकील, बँकर झालेले लोक तशाच पेशातल्या, पण सुखवस्तू घरातून आलेल्यांपेक्षा सरासरी १६ टक्के कमी कमावतात. शिक्षण सारखं असलं तरी फरक पूर्ण मिटत नाही.

का? एक कारण म्हणजे घरचा पैसा. लंडनमध्ये करिअरची पहिली वर्षं तुटपुंज्या पगारावर काढायची, तर भाडं कुणीतरी भरावं लागतं. पत्रकारिता, सिनेमा, फॅशन या क्षेत्रांत बिनपगारी इंटर्नशिपची तिथे जुनी सवय आहे. (हे लिहिताना मला माझ्याच वर्गातल्या दोघी आठवतायत. मुंबईत मिळालेली इंटर्नशिप दोघींनीही सोडली, कारण कॉट बेसिसचं भाडं स्टायपेंडपेक्षा जास्त होतं. दोघी माझ्यापेक्षा चांगलं लिहितात.) दुसरं कारण जास्त चिवट आहे. बॉससमोर बिनधास्त बसता येणं, योग्य ठिकाणी योग्य विनोद करणं, उच्चार 'तसे' असणं. मुलाखत घेणारा याला 'कॉन्फिडन्स' म्हणतो आणि गुण देतो. सोळाव्या वर्षी शाळा सोडलेल्या, घरोघरी वृद्धांची सेवा करण्याचं काम केलेल्या अँजेला रेनर २०२४ मध्ये उपपंतप्रधान झाल्या. तरी त्यांच्या बोलण्याच्या ढंगावरून टोमणे थांबले नाहीत. २०१०च्या ब्रिटिश समता कायद्यात भेदभाव करू नये अशा नऊ गोष्टी आहेत. वय, अपंगत्व, वंश, धर्म, लिंग वगैरे. क्लास त्यात नाही.

गुणवत्तेवर चालणाऱ्या समाजाला 'मेरिटॉक्रसी' म्हणतात. मायकल यंग यांनी १९५८च्या पुस्तकात तो शब्द रूढ केला, तोही खिल्ली उडवण्यासाठी. पुढाऱ्यांनी तो कौतुकाचा म्हणून उचलला, तेव्हा २००१ मध्ये म्हाताऱ्या यंग यांनी लेख लिहून टोनी ब्लेअरना तो वापरणं थांबवा असं बजावलं.

हे सगळं वाचून ब्रिटन कायमच असा होता असं वाटेल. तर तसं नाही. १९६४ ते १९९७ या ३३ वर्षांत विल्सन, हीथ, कॅलहन, थॅचर, मेजर असे पाच पंतप्रधान झाले आणि पाचही सरकारी शाळांतले. थॅचर वाण्याची मुलगी. मेजर यांनी तर सोळाव्या वर्षी शाळा सोडलेली. जॉन गोल्डथॉर्प हे समाजशास्त्रज्ञ सांगतात की, युद्धानंतरच्या काळात इतके लोक वर सरकले, कारण वरच्या जागाच वाढल्या. ऑफिसं, इस्पितळं, शाळा, सरकारी खाती, सगळीकडे माणसं हवी होती. कुणाला खाली न ढकलता दुसऱ्याला वर येता येत होतं. आता जागा तशा वाढत नाहीत, म्हणून आहे ती जागा पोरासाठी धरून ठेवायची धडपड. फी त्या धडपडीची.

स्टार्मर सरकारनं १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लावला. त्या पैशातून सरकारी शाळांसाठी ६,५०० शिक्षक नेमायचं आश्वासन आहे. काही पालक आणि शाळा कोर्टात गेल्या, जूनमध्ये हायकोर्टानं त्यांचं म्हणणं फेटाळलं. मला विचाराल तर ईटनच्या पालकांना या २० टक्क्यांनी फारसं खुपणार नाही. ओढाताण होणार ती छोट्या गावातल्या छोट्या खासगी शाळेची. पण ९३ टक्के मुलं जिथे शिकतात तिथे खरंच शिक्षक आले, तर तक्रारीला फार जागा उरणार नाही.

इकडे या शाळा आपल्याच दारी आल्यात. पुण्यात २०२३ मध्ये वेलिंग्टन कॉलेजची शाखा सुरू झाली. इंग्लंडमधलं मूळ वेलिंग्टन १८५९ मध्ये उघडलं, तेही लष्करी अधिकाऱ्यांच्या अनाथ मुलांसाठी. नाव ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं. म्हणजेच १८०३ मध्ये जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्ली.

तर, मास्टर्सला तिकडे जाऊन नोकरीसाठी अर्ज करणार असाल, तर त्या फॉर्मची तयारी ठेवा. पहिल्या प्रश्नात शेतमजुराला रकाना आहे, दुकानदाराला आहे, टॅक्सीमालकाला आहे. स्वतःची दोन एकर कोरडवाहू असलेला बाप कुठे बसवायचा, ते तुमचं तुम्हीच ठरवा. दुसरा प्रश्न असतो, ११ ते १६ या वयात कुठल्या प्रकारच्या शाळेत होतात? सरकारी, खासगी, शिष्यवृत्तीवर खासगी, असे पर्याय त्यांच्या मुलांसाठी. आपल्यासाठी एकच, 'ब्रिटनबाहेरची शाळा'. गडचिरोलीच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलगी आणि पुण्याच्या वेलिंग्टनमधला मुलगा, दोघांनीही टिक करायची ती त्याच चौकटीत.