फ्रेडीला कळत नाही म्हणून

समजा, कामरेजला तापीच्या काठावर उद्या सकाळी एखादं प्रेत सापडलं. तिथे 'सीआयडी' मालिकेतले एसीपी प्रद्युम्न येणार नाहीत. सुरत ग्रामीण पोलिसांच्या कामरेज ठाण्यातून आधी कुणीतरी हवालदार येईल, बघ्यांना मागे हटवील, साहेबांना फोन लावील. मग पंच गोळा होतील, पंचनामा होईल. प्रकरण गुंतागुंतीचं निघालं तर 'एलसीबी', म्हणजे स्थानिक गुन्हे शाखा, त्यात उतरेल. गावाजवळून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. म्हणजे ढाबे पालथे घालणं, टोलनाक्यावरचं फुटेज डोळे चोळत बघत बसणं, ट्रकवाल्यांना गाठणं हे सगळं आलंच. ही कामं ज्याच्या वाट्याला येतात, त्याचं नाव दुसऱ्या दिवशीच्या बातमीत बहुधा नसतं.

टीव्हीवर मात्र या माणसाचं नाव वीस वर्षं घराघरांत होतं. इन्स्पेक्टर फ्रेडरिक्स, म्हणजे आपला फ्रेडी.

'सीआयडी' सोनी वाहिनीवर जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये, दीड हजारांहून अधिक भाग झाल्यावर थांबली. मालिका हिंदी, पण तिचं मूळ मराठीत शोधता येतं. निर्माते बी. पी. सिंग यांनी त्याआधी दूरदर्शनच्या मुंबई केंद्रासाठी 'एक शून्य शून्य' ही पोलीस-तपासाची मराठी मालिका केली होती. तिच्यात शिवाजी साटम होते, आणि पुढे प्रद्युम्न झाले तेही तेच. दया आणि अभिजीत ही या साहेबांची उजवी-डावी बाजू. दार तोडायचं ते दयाने, दुवा जुळवायचा तो अभिजीतने, आणि बोटं फिरवत शंका घ्यायची ती साहेबांनी. मग दिनेश फडणीस यांच्या फ्रेडीला उरलं काय?

उरलं ते न कळण्याचं काम. ते हलकं समजू नये.

पाऊण तासात खून, चार संशयित, प्रयोगशाळा आणि कबुली बसवायची म्हणजे लेखकाला बरीच माहिती भराभर सांगावी लागते. अभिजीत ती स्वतःशीच बोलू शकत नाही आणि प्रद्युम्नांना कुणी समजावून सांगणं शोभत नाही. मग फ्रेडी विचारतो, "पण सर, हा तर त्या वेळी घरीच होता ना?" आणि साहेब उत्तर देतात. ते उत्तर खरं तर सोफ्यावर बसलेल्या आजीसाठी असतं, कारण तिलाही नेमकं तेच विचारायचं असतं. आपल्याला मठ्ठ म्हणवून घ्यावं लागत नाही, ते फ्रेडी आपल्या वतीने म्हणवून घेतो. वर भुताला घाबरतो, बायकोच्या नावाने कापतो, म्हणजे प्रेतांच्या गर्दीत घटकाभर हसायला जागा होते.

युक्ती जुनीच आहे. होम्सला वॉटसन लागतो. बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजयला छोटू लागायचा. पण फ्रेडीचं खरं कूळ मला वॉटसनपेक्षा तमाशातल्या सोंगाड्यात दिसतं. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'त दादा कोंडके यांचा हवालदार वर्दीतच सगळ्या वर्दीची फजिती करून जायचा. मराठी प्रेक्षकाला पोलीस विनोदी असू शकतो हे तिथपासून ठाऊक. फ्रेडीत तो चावटपणा नाही, तो रात्री दहाच्या कौटुंबिक वेळेला धुऊन आलेला सोंगाड्या आहे. तो व्यवस्थेची टिंगलही करत नाही, आणि ही उणीव मला मालिकेभर जाणवत राहिली. फ्रेडीला एकदा तरी साहेबांपेक्षा शहाणं ठरवून, त्या शहाणपणावर अख्खा भाग उभा करायला हवा होता.

दुय्यम पात्राचा दुसरा गुण म्हणजे टिकणं. मालिकेत माणसं येत-जात राहिली. आशुतोष गोवारीकर सुरुवातीच्या काळात इन्स्पेक्टर वीरेंद्र होते, पुढे ते दिग्दर्शक म्हणून कुठे पोहोचले ते सांगायला नको. इन्स्पेक्टर विवेक झालेले विवेक मशरू अभिनय सोडून बंगळूरच्या विद्यापीठात शिकवायला गेले. फडणीस राहिले, आणि त्यांनी काही भागांचं लेखनही केलं. ७ नोव्हेंबर २००४ रोजी दाखवलेला १११ मिनिटांचा भाग तर कुठेही न तोडता एकाच शॉटमध्ये घेतला होता. अशा चित्रीकरणात मागे उभं राहणाऱ्यालाही चुकायची मुभा नसते. संवाद नसताना चेहऱ्यावर प्रसंग टिकवून धरणं हा दुय्यम नटाचा अर्धा पगार आहे, असं मी म्हणेन.

अमेरिकेत या टिकण्याचं टोक गाठलं ते रिचर्ड बेल्झर यांच्या जॉन मंच या डिटेक्टिव्हने. 'होमिसाइड'मध्ये १९९३ साली आलेला हा संशयी, तिरकस पोलीस पुढे 'लॉ अँड ऑर्डर'च्या शाखेत गेला आणि पाहुणा म्हणून इतर कितीतरी मालिकांत डोकावला. नायक आपल्या मालिकेबाहेर पडला की उपरा वाटतो, दुय्यम माणूस कुठेही खपतो. बेल्झर फेब्रुवारी २०२३ मध्ये गेले. त्याच वर्षी ५ डिसेंबरला मुंबईत फडणीसही गेले, वयाच्या ५७ व्या वर्षी. पहिल्या बातम्यांत हृदयविकाराचा झटका म्हटलं गेलं. तो झटका नव्हता, यकृताचा त्रास होता, हे दयाची भूमिका करणाऱ्या दयानंद शेट्टी यांना सांगावं लागलं.

आता खऱ्या तपासाकडे वळू. 'सीआयडी' हे नाव मुंबईशी जोडलं गेलं असलं तरी महाराष्ट्राच्या राज्य सीआयडीचं मुख्यालय पुण्यात आहे. मालिकेतल्या डॉ. साळुंखे यांची प्रयोगशाळा काही मिनिटांत विष ओळखते. प्रत्यक्षात व्हिसेरा न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो आणि अहवालाची वाट बघावी लागते. शेवटच्या थपडेनंतर येणारी कबुली तर न्यायालयात टिकतच नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही, हे पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्येही आहे. त्या कबुलीच्या आधारे सापडलेली वस्तू मात्र उपयोगी पडते. ती वस्तू विहिरीतून किंवा उसाच्या फडातून बाहेर काढायची, पंचांसमोर नोंदवायची, लाख लावून सीलबंद करायची. हे काम थपडेने होत नाही, 'डीबी', म्हणजे गुन्हे शोध पथकातला हवालदार दिवसभर उन्हात उभा राहतो तेव्हा होतं. म्हणजे मालिकेने ज्याला हसण्यापुरतं ठेवलं, खटला उभा राहतो तो बराचसा तशाच दुय्यम माणसावर.

डिसेंबर २०२४ मध्ये 'सीआयडी' पुन्हा सुरू झाली. साटम, शेट्टी आणि अभिजीत झालेले आदित्य श्रीवास्तव परतले, नवे चेहरेही आले. फ्रेडीची जागा रिकामी राहिली. जुने भाग यूट्यूबवर सहज सापडतात. एखादा लावा, आणि दयाच्या दाराकडे न बघता त्याच्यामागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघा.