अकलोलीचं गरम पाणी

पहाटेचे साडेपाच वाजलेत. जानेवारीची थंडी आहे आणि आमच्या खोलीतला गरम पाण्याचा नळ कोरडा आहे. आई पलंगाच्या कडेवर बसून जोडवी काढतेय, रुमालात बांधून उशीखाली ठेवतेय. कुंडाच्या पाण्यात चांदी काळी पडते, हे तिला ठाऊक आहे. लग्नानंतर ती डोंबिवलीहून पहिल्यांदा वज्रेश्वरीला आली, तेव्हा याच हॉटेलात उतरली होती.

पंख्याच्या वर प्लास्टर सुटलंय. दोन गंजक्या सळया उघड्या पडल्यात. रात्री अंथरुणावर रेती पडायला लागली, तसा आम्ही दोघींनी पलंग दाराजवळ ओढला. भिंतीला हात लावला की पोपडा हातात येतो.

न्हाणीघरात निळ्या लादीचं बुटकं टाकं आहे. कुंडाचं पाणी मोटरने थेट यात यायचं, म्हणून तर लोक ही खोली मागून घ्यायचे. आज तळाशी सुकलेली पानं आहेत. नळाच्या तोंडाशी क्षाराची पांढरी खरपुडी जमलीय. मी नखाने खरवडते, तर खालून नळाचा तुकडाच निघतो.

"पाइप किती वेळा बदलले, ताई," दारात चहा घेऊन उभे असलेले हॉटेलचे काका म्हणतात. "हे पाणी लोखंडाला टिकू देत नाही. आता मालक म्हणतात, पाडूनच टाकू."

आई काहीच बोलत नाही. आम्ही अकलोलीच्या कुंडाकडे निघतो. तानसा नदीच्या काठावर धुकं आहे. कुंडांवर वाफ आणि हवेत गंधकाचा वास. पावसाचं पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून खोल जातं, तिथे तापतं आणि वर येतं. ज्वालामुखीचा या उष्णतेशी काही संबंध नाही. चिमाजी अप्पांनी वसईच्या किल्ल्यासाठी वज्रेश्वरी देवीला नवस बोलला आणि १७३९ मध्ये किल्ला हाती आला, असं सांगतात. तेव्हाही हे पाणी असंच वाहत असणार.

आई पायरीवर बसते. पाय आत सोडते, झटकन वर घेते, पुन्हा सोडते. पोटऱ्या लाल होतात. दहा मिनिटांनी ती माझा हात न धरता उठते. कल्याण स्टेशनच्या जिन्यावर गेल्या महिन्यात तिला दोन ठिकाणी थांबावं लागलं होतं.

परतल्यावर ती सरळ न्हाणीघरात जाते. कोरड्या टाक्याच्या कडेवर बसते, आतल्या पायरीवर हात फिरवते.

"तू इथे बसायचीस. पाणी तुझ्या गळ्यापर्यंत यायचं."

मग काकांना हाक मारते. "मालकांना सांगा, छत आधी करा. पाइप प्लास्टिकचे घाला. लादी शाबूत आहे, ती फोडू नका."

काका खिशातून पेन्सिल काढतात आणि हॉटेलच्या वहीच्या पाठीवर लिहून घेतात: छत, पाइप, लादी नको.