माणदेशातून मोजलेला उजेड

साताऱ्यात तारे बघायचे म्हटलं की गाड्या कासकडे, बामणोलीकडे, नाहीतर पाचगणीच्या पठाराकडे वळतात. अंधार बरा, रस्ता ओळखीचा आणि मोबाइलच्या फोटोतसुद्धा आकाशगंगा उमटते. ज्याला ताऱ्याचा उजेड नुसता पाहायचा नाही, मोजायचा आहे, त्याने मात्र सह्याद्रीकडे पाठ करून पूर्वेला निघावं. पुसेगावच्या पुढे दहिवडी, म्हसवड. सांगलीकडून आलं तर विटा सोडून आटपाडी, नाहीतर खाली जत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून शंभरेक किलोमीटरवरच्या या माणदेशात तो पाचशेच्या आसपास घुटमळतो. ज्या कोरडेपणाला पिढ्यान्‌पिढ्या नावं ठेवली, तोच दुर्बिणीला मानवतो.

कारण साधं आहे. घाटमाथ्यावर रात्री पातळ धुकं सरकत असतं. ते डोळ्यांना कळत नाही, पण ताऱ्याच्या उजेडातला दहावा हिस्सा सहज खाऊन टाकतं. आणि इथे लघुग्रहांच्या, जोडताऱ्यांच्या उजेडात शोध चाललेला असतो शंभराव्या हिश्शाच्या फरकाचा.

लघुग्रह म्हणजे मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये, आणि काही थोडे पृथ्वीच्या वाटेजवळ, फिरणारे दगड. कोणत्याही साध्या दुर्बिणीतून तो ठिपकाच दिसतो. शेजारच्या ताऱ्यांहून वेगळं काही नाही. पण हे दगड क्वचितच गोल असतात, बहुतेक बटाट्यासारखे लांबट. स्वतःभोवती फिरताना रुंद बाजू आपल्याकडे आली की ठिपका उजळतो, निमुळतं टोक आलं की मंदावतो. एका फेरीत दोनदा उजळणं, दोनदा मंदावणं. हा चढउतार रात्रभर नोंदला की फिरकीचा काळ हाती येतो. जोडताऱ्यांची गोष्ट वेगळी, मोजणी मात्र तीच. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात आणि त्यांची कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत असेल तर ठरलेल्या वेळी एक दुसऱ्याच्या आड जातो. ते दोघे वेगळे कधीच दिसत नाहीत. दिसतं ते एकूण उजेडाचं घटणं.

लघुग्रहांपुरतं पहिलं उदाहरण इरॉसचं. हा लघुग्रह १८९८ साली सापडला आणि १९०१ साली ओपोल्झर या ऑस्ट्रियन खगोलज्ञाने त्याच्या उजेडातला चढउतार टिपला. फिरकी निघाली ५ तास १६ मिनिटांची. एवढा मोठा चढउतार म्हणजे दगड चांगलाच लांबट असणार, हा अंदाज. शंभर वर्षांनी, २००० साली, ‘निअर शूमेकर’ हे यान त्याच्याभोवती फिरू लागलं, तेव्हा दिसलं की इरॉस सुमारे ३४ किलोमीटर लांब आणि ११ किलोमीटर रुंद आहे. ठिपक्यावरून केलेला हिशेब इतका खरा ठरल्याची उदाहरणं विज्ञानातही फार नाहीत.

भारतात या कामाची मुळं मद्रासला सापडतात. नॉर्मन पॉगसन १८६१ साली मद्रास वेधशाळेत आला आणि त्याच वर्षी त्याने भारतातून शोधला गेलेला पहिला लघुग्रह टिपला. त्याचं नाव त्याने ‘एशिया’ ठेवलं. ताऱ्यांच्या प्रतींचं जे माप आज जगभर वापरतात तेही याच पॉगसनचं, १८५६ सालचं: पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभरपट उजेड, म्हणून एका प्रतीचा फरक सुमारे अडीचपट. त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या चिंतामणी रघुनाथाचारींनी १८६७ साली एक रूपविकारी, म्हणजे उजेड बदलत राहणारा, तारा शोधला. दोघांचीही भिस्त होती ती दुर्बिणीला लावलेल्या डोळ्याच्या अंदाजावर.

आता डोळ्याची जागा कॅमेऱ्याने घेतली आहे आणि काम सुरू होतं ते अंधार पडायच्या आधीच. सूर्य मावळल्यावर आकाश एकसारखं उजळ असतं, तेव्हा दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून काही फोटो घेतात. भिंगावरची धूळ, कडेचा काळपटपणा, कॅमेऱ्याचे आळशी ठिपके या फोटोंत उघडे पडतात. मग झाकण लावून तेवढ्याच वेळाचे काळे फोटो, म्हणजे कॅमेरा स्वतःच्या उष्णतेने किती खोटा उजेड दाखवतो ते कळतं. ही तयारी कंटाळवाणी असते आणि नवखा हटकून तिथेच घाई करतो. पुढे मध्यरात्रीचे आकडे उड्या मारू लागतात, तेव्हा दोष ताऱ्याला दिला जातो.

नंतर दुर्बीण लक्ष्यावर लावायची आणि मिनिटा-मिनिटाचे फोटो घेत राहायचं. फोटो सुंदर यावा ही अपेक्षा नसते. उलट तारा तेजस्वी असेल तर मुद्दाम थोडा धूसर ठेवतात, म्हणजे उजेड बऱ्याच ठिपक्यांवर पसरतो आणि कुठला एक भरून वाहत नाही. संगणकावर ताऱ्याभोवती एक वर्तुळ काढतात, त्याच्या बाहेर एक कडं. आतल्या उजेडातून कड्यातल्या आकाशाचा उजेड वजा करतात. उरतो तो ताऱ्याचा. मग त्याच फोटोतल्या दुसऱ्या, न बदलणाऱ्या ताऱ्याशी तुलना, आणि तो तारा खरंच स्थिर आहे ना हे पाहायला तिसरा साक्षीदार.

ही तुलना नसती तर माणदेशातून काही जमलं नसतं. टेंभू आणि म्हैसाळ योजनांचं पाणी आल्यापासून या भागात ऊस वाढला. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम आणि स्वच्छ आकाशाचा हंगाम हे नेमके एकाच वेळी येतात. पाचट पेटवलं की क्षितिजावर तांबूस धूर साचतो. पण धुराने लघुग्रहाचा उजेड जेवढा गिळला तेवढाच शेजारच्या ताऱ्याचाही गिळला, म्हणून त्यांच्यातला फरक शाबूत राहतो. पाण्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार अर्थातच दुर्बीणवाल्यांना नाही. ग्रामपंचायतीच्या चौकातल्या, दिव्याचं तोंड वर केलेल्या हायमास्टबद्दल मात्र तक्रार जरूर करावी. त्याचा निम्मा उजेड कुणाच्याच पायाखाली पडत नाही.

रात्रीचे व्यत्यय इथले खास आहेत. शेतीपंपाची लाईट रात्री आली की कुणीतरी मोटर चालू करायला निघतो आणि त्याच्या बॅटरीचा झोत थेट दुर्बिणीच्या तोंडात येतो. “काय दिसतंय का?” हा प्रश्न ठरलेला. दाखवायला खरं तर काहीच नसतं: पडद्यावर आकड्यांची ओळ आणि हळूहळू खाली झुकणारी ठिपक्यांची रांग. मोटर चालू करून परतताना तोच माणूस पुन्हा डोकावतो आणि रांग वर चढलेली पाहून थबकतो. या कामाचं आकर्षण असलंच तर ते तिथे आहे. ढालगाव, जत या पट्ट्यात पवनचक्क्या आहेत. जिथे त्या आहेत तिथे वारा आहे आणि वाऱ्यात दुर्बीण थरथरते, हेही जागा निवडतानाच ध्यानात घ्यावं लागतं.

वेळ लिहिण्याची रीतही वेगळी. खगोलज्ञ तारीख-वार न लिहिता ज्युलियन दिवसाचा आकडा लिहितात आणि हा दिवस ग्रिनिचच्या माध्यान्हीला बदलतो, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला. युरोपातल्या वेधशाळांची रात्र दोन तारखांत तुटू नये म्हणून केलेली ही सोय भारताला जास्तच लाभली. साडेपाचला नवा आकडा सुरू होतो, दिवेलागणीला दुर्बीण उघडते आणि अख्खी रात्र एकाच आकड्याखाली बसते.

आता मूळ मुद्दा. सातारा-सांगलीची जागा मोलाची आहे ती अंधारापेक्षाही रेखांशामुळे. एखाद्या लघुग्रहाची फिरकी १२ किंवा २४ तासांच्या जवळपास असेल, तर एका ठिकाणाहून रोज रात्री त्याची तीच बाजू दिसत राहते. युरोपातल्या माणसाने महिनाभर जागून काढला तरी आलेखाचा उरलेला तुकडा त्याला मिळत नाही. तो तुकडा दुसऱ्या रेखांशावरच्या कुणाकडे तरी असतो. ऑस्ट्रेलियात रात्र संपत येते आणि युरोपात ती जेमतेम सुरू होत असते, तेव्हा ७४-७५ अंश पूर्वेला ऐन रात्र असते.

डिडिमॉसचं उदाहरण यासाठीच बघण्यासारखं आहे. सुमारे ७८० मीटरचा हा लघुग्रह आणि त्याच्याभोवती फिरणारा १६० मीटरचा डायमॉर्फोस. दोघं जोडताऱ्यांसारखे एकमेकांना झाकत होते आणि फेरीचा काळ होता ११ तास ५५ मिनिटं, म्हणजे एका ठिकाणच्या निरीक्षकाला चकवायला अगदी सोयीचा. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचं ‘डार्ट’ यान डायमॉर्फोसवर मुद्दाम आदळवलं. फेरीचा काळ निदान ७३ सेकंदांनी बदलला तरी मोहीम यशस्वी मानायची, असं आधी ठरलं होतं. प्रत्यक्षात तो ११ तास २३ मिनिटांच्या आसपास आला, अर्ध्या तासाहून अधिक घट. ही घट कोणत्या यानाने मोजलेली नव्हती. पृथ्वीवरच्या दुर्बिणींनी उजेडाचे खळगे कधी येतात ते नोंदून, आणि रडारच्या साहाय्याने, ती काढली. युरोपचं ‘हेरा’ यान ऑक्टोबर २०२४ मध्ये तिकडे निघालं ते आघाताचा परिणाम जवळून पाहण्यासाठी.

उजेडाच्या अशा हजारो आलेखांतून एक विलक्षण मर्यादाही दिसून आली आहे. दोन-तीनशे मीटरहून मोठे लघुग्रह सुमारे २.२ तासांहून वेगाने फिरताना जवळजवळ आढळत नाहीत. एकसंध कातळ याहून जोरात फिरू शकतो. म्हणजे हे कातळ नव्हेत, स्वतःच्या दुबळ्या गुरुत्वाने कसेबसे एकत्र राहिलेले दगडांचे ढीग आहेत. आणखी वेग आला की ढिगातला माल सुटतो, आणि पुष्कळ लघुग्रहांचे चंद्र असेच घडले असावेत.

महाराष्ट्रात या कामाला लागणारी मोठी साधनं आहेत. आयुका या खगोल संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण पुणे जिल्ह्यात गिरवलीला २००६ पासून आहे. आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्था मिळून लडाखच्या हानले इथे ७० सेंटिमीटरची स्वयंचलित दुर्बीण चालवतात. ऑगस्ट २०२० मध्ये आयआयटी मुंबईचे कुणाल देशमुख आणि कृत्ती शर्मा या विद्यार्थ्यांनी कॅलिफोर्नियातल्या दुर्बिणीची छायाचित्रं तपासताना एक रेघ हेरली. तो २०२० क्यूजी हा काही मीटरांचा दगड होता आणि हिंदी महासागरावरून अवघ्या २,९५० किलोमीटर उंचीने नुकताच निघून गेला होता. पण मोठ्या दुर्बिणीचा वेळ मोजून मिळतो. एकाच ठिपक्याकडे सलग आठ रात्री बघत बसण्याची चैन तिला परवडत नाही. २० सेंटिमीटरच्या, कॉलेजच्या गच्चीवरच्या दुर्बिणीला परवडते. सातारा, कराड, सांगली, मिरज इथल्या विज्ञान महाविद्यालयांनी आपल्या कपाटातल्या दुर्बिणी फक्त ग्रहणापुरत्या बाहेर काढणं हा त्या यंत्रांवर अन्याय आहे.

दुर्बीण नसेल तर अल्गोल आहे. जॉन गुडरिक या बहिऱ्या इंग्लिश तरुणाने १७८३ साली त्याचा काळ काढला तो साध्या डोळ्यांनी. आज तो २ दिवस २० तास ४९ मिनिटं मानतात. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी उत्तरेकडे उंचावर, ययाती तारकासमूहात तो दिसतो. एरवी त्याची प्रत २.१ असते, शेजारच्या देवयानीतल्या अलमाकइतकी. ग्रहणात पाचएक तासांत तो ३.४ पर्यंत उतरतो, त्रिकोणातल्या आल्फाच्या जोडीला येतो आणि तेवढ्याच वेळात वर चढतो. दर तिसऱ्या रात्री ही घटना सुमारे तीन तास अकरा मिनिटं लवकर येते, त्यामुळे एकदा मध्यरात्रीनंतर सापडली तर पुढची बहुधा जेवणाच्या वेळेला गाठता येते. तुलनेला अल्गोलच्या जवळचा ऱ्हो तारा घेऊ नये. तो स्वतःच बदलतो. दर पंधरा मिनिटांनी अंदाज लिहावा, १९११ पासून असे अंदाज गोळा करणाऱ्या अमेरिकेतल्या एएव्हीएसओ या संस्थेकडे पाठवावा, आणि वेळ लिहिताना भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करायला विसरू नये.