प्लगची वायर बदलून ट्रकचा जोर वाढतो का?

डिझेलच्या ट्रकला स्पार्क प्लग नसतोच. दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटते. पेट्रोलच्या ट्रकला मात्र ठिणगी लागते. जुन्या धाटणीच्या इंजिनात कॉइलकडून प्लगकडे जाडजूड वायर जाते. कमी रोधाची महाग वायर घातली की इंजिनाचा जोर वाढतो, असे पुष्कळांना वाटते. हे खरे का?

प्लगच्या फटीत ठिणगी उडण्यास १०,००० व्होल्टच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक दाब लागतो. तोवर वायरमधून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. मग ओहमच्या नियमाप्रमाणे रोधात दाब खर्ची पडेल कसा? ठिणगी उडाल्यावर थोडी ऊर्जा वायरमध्ये जाते खरी, पण उरलेली पुरेशी असते. ठिणगीचे काम फक्त काडी लावण्याचे. जोर येतो इंधनातून. मोठ्या काडीने चूल पेटवली म्हणून भात लवकर शिजत नाही!

शिवाय हा रोध मुद्दाम ठेवलेला असतो. त्यामुळे ठिणगीपासून निघणाऱ्या लहरींची रेडिओतील खरखर कमी होते.

मात्र वायरचे आवरण तडकले, तर ठिणगी बाहेरच निसटते, इंजिन अडखळते, पेट्रोल न जळताच वाया जाते. अशा वेळी वायर जरूर बदलावी. गमावलेला जोर परत मिळेल. नवा मिळणार नाही.