काडी धरणारा माणूस काय करतो?



दिवाळीच्या सुट्टीनंतर बाईंनी आम्हाला वर्गातल्या टीव्हीवर एक परदेशी वाद्यवृंद दाखवला. वाद्यवृंद म्हणजे पुष्कळ माणसे एकत्र बसून निरनिराळी वाद्ये वाजवतात तो. मी माणसे मोजायला लागलो. ५२ पर्यंत आलो आणि चित्रच बदलले. सगळ्यांच्या पुढे एक माणूस आपल्याकडे पाठ करून उभा होता. त्याच्या हातात बारीक पांढरी काडी होती. तो काहीच वाजवत नव्हता. सगळा वर्ग हसला. मी मात्र हसलो नाही, कारण आमच्या लेझमीची शिट्टी यंदा माझ्याकडे आहे आणि मीसुद्धा लेझीम खेळत नाही, नुसता पुढे उभा राहतो.

मी बाईंना विचारले, "हा मनुष्य कशाला उभा आहे?" बाई म्हणाल्या, "शोधून काढ आणि भित्तिपत्रकात लिही." म्हणून हा लेख.

त्या माणसाला कंडक्टर म्हणतात. एस.टी.चा कंडक्टर वेगळा, हा वाद्यवृंदाचा संचालक. वाद्यवृंदात पुढे व्हायोलिनवाले बसतात. त्यांच्या मागे बासरी, क्लॅरिनेट, ओबो, बसून अशी फुंकायची वाद्ये. ओबो हे आपल्या सनईच्या जातीचे आहे. एकदम मागे टिंपनी, म्हणजे मोठे नगारेच. सुरुवातीला ओबोवाला एक सूर देतो आणि सगळे आपापले वाद्य त्या सुराला जुळवतात. आपल्या भजनात पेटीवाला सूर देतो ना, तसेच.

प्रत्येक वादकापुढे फक्त स्वतःच्या वाद्याचा कागद असतो. सर्वांचे सगळे लिहिलेले जाड पुस्तक एकट्या संचालकापुढे असते. कोणी कधी सुरू करायचे, कोणी हळू वाजवायचे, कोणी गप्प बसायचे, हे तो हाताने सांगतो.

आता एक खरी गोष्ट सांगतो. जर्मनी देशात लाइपझिग नावाचे शहर आहे. तिथे गेवांडहाउस नावाचे सभागृह होते. त्या नावाचा अर्थ कापडवाल्यांची इमारत. तिथल्या वाद्यवृंदाचे संचालक १८३५ सालापासून मेंडेल्सझोन हे होते. त्यांचे मित्र फर्डिनांड डाव्हिड त्याच वाद्यवृंदात पहिले व्हायोलिन वाजवत. दोघांचा जन्म हॅम्बुर्ग शहरात एकाच घरात, एक वर्षाच्या अंतराने झाला होता. मेंडेल्सझोन यांनी १८३८ साली मित्राला सांगितले की तुझ्यासाठी व्हायोलिनची एक रचना करतो. ती पुरी व्हायला १८४४ साल उजाडले. म्हणजे सहा वर्षे लागली!

अशा रचनेला कन्चेर्टो म्हणतात. त्यात एक जण पुढे उभा राहून एकटा वाजवतो आणि बाकीचे सगळे त्याला साथ करतात. ह्या कन्चेर्टोत तीन भाग आहेत. पहिला भाग संपला की बसूनवाला एक सूर तसाच धरून ठेवतो आणि त्या सुरावरूनच दुसरा भाग सुरू होतो. मध्ये टाळ्या वाजवायला जागाच नाही. पहिल्या भागात एके ठिकाणी सगळे थांबतात आणि व्हायोलिन एकटेच वाजते. मग वाद्यवृंद हळूच पुन्हा चाल धरतो, तेव्हा व्हायोलिनच त्यांना साथ करू लागते. तिथे कोणी जरा जरी चुकले तर सगळा घोळ होईल.

पहिला कार्यक्रम १३ मार्च १८४५ रोजी ठरला. पण मेंडेल्सझोन आजारी पडले. सहा वर्षे खपून केलेले काम आणि स्वतःच हजर नाहीत! तेव्हा डेन्मार्क देशातून आलेले नील्स गाडे हे काडी घेऊन उभे राहिले. ते फक्त २८ वर्षांचे होते. डाव्हिड यांनी व्हायोलिन वाजवले आणि कार्यक्रम पार पडला. पुढे २३ ऑक्टोबर १८४५ ला मेंडेल्सझोन यांनी आपल्या ह्या रचनेचे संचालन स्वतः केले. तेव्हाही व्हायोलिनवर डाव्हिडच होते.

दुसऱ्यांच्या वाद्यवृंदाला संचालन करायला बोलावले तर त्याला पाहुणा संचालक म्हणतात. आपल्या मुंबईत १९३६ साली जन्मलेले झुबिन मेहता जगभर असे जातात. मुंबईत २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वाद्यवृंद निघाला. २०२३ साली ते त्याचेही पाहुणे संचालक झाले. पाहुणा आला तरी आधी सराव करावाच लागतो. पाहुणा म्हणून माफी नाही.

आता आमच्या लेझमीचे सांगतो. आमचे सगळे हात आधीच्या गुरुजींनी बसवले आहेत. जूनमध्ये त्यांची बदली झाली. बाईंनी शिट्टी माझ्याकडे दिली. पहिल्या दिवशी मला लई भ्या वाटलं. मी शिट्ट्या भराभर मारत गेलो. हलगी पळाली, मागची रांग चुकली आणि तिसरीतली दोन पोरं एकमेकांवर आपटली. माझी आतेबहीण हलगी वाजवते. ती म्हणाली, "तू आमच्याकडं बघतच न्हाईस."

मग मी तो कार्यक्रम टीव्हीवर पुन्हा पाहिला. नगारेवाल्याने टिपरू मारायच्या आधीच संचालक त्याच्याकडे बघतो आणि हात उचलतो. खूण एक ठोका आधी असते! मी हात बदलायच्या वेळीच शिट्टी मारत होतो, म्हणून मागच्यांना उशीर होत होता. आता मी एक ठोका आधी मारतो आणि मागच्या रांगेकडे बघतो. परवा आम्ही आठही हात न चुकता केले.

तर काडीवाला काय करतो? तो सगळ्यांच्या आधी ऐकतो आणि सगळ्यांकडे बघतो.

२६ जानेवारीला गुरुजी येणार आहेत. ते आले तर शिट्टी त्यांच्या हातात देईन, कारण हात त्यांनीच बसवलेले आहेत. पण आधी एक सराव घ्यावा लागेल, कारण आता ते पाहुणे आहेत. पालकांनी जरूर यावे. आणि मधेच टाळ्या वाजवू नयेत, शेवटी वाजवाव्यात.

– इयत्ता चौथी, हजेरी क्रमांक १४