एंजिन तेलाची श्यानता व धारव्यांची हानी

मोटारगाडीच्या एंजिनातील भुजादंड ज्या आधारांत फिरतो, त्यांना धारवे किंवा बेअरिंगे म्हणतात. धारवा आणि दंड यांमधील मोकळीक मिलिमीटरच्या काही शतांशांएवढीच असते. दंड फिरू लागला म्हणजे तो तेलाला निमुळत्या फटीत ओढतो. तेथे दाब निर्माण होऊन दंड तेलाच्या पातळ पटलावर तरंगतो. पंपाचे काम तेल पोहोचविण्याचे असते. भार मुख्यतः हे पटल पेलते. ब्यूचँप टॉवर यांना १८८३ च्या सुमारास हा दाब प्रयोगात आढळला व ऑझ्बर्न रेनल्ड्झ यांनी १८८६ मध्ये त्याची गणितीय उपपत्ती मांडली.

श्यानता म्हणजे वाहण्यास होणारा द्रवाचा अंतर्गत विरोध. श्यानता व वेग वाढल्यास पटल जाड होते, भार वाढल्यास पातळ होते. तापमान वाढले की श्यानता झपाट्याने घटते.

प्रतवारी : ५डब्ल्यू-३० या प्रतीतील ५डब्ल्यू हा भाग थंडीतील गुण दर्शवितो, तर ३० हा अंक तापलेल्या तेलाची श्यानता दर्शवितो. धारव्याच्या दृष्टीने १५०° से. तापमानास व तीव्र कर्तनाखाली मोजलेली श्यानता महत्त्वाची असते. तिची किमान मर्यादा ३० या प्रतीस २.९, तर २० या प्रतीस २.६ मिलिपास्काल-सेकंद आहे. इंधन बचतीसाठी २०१३ मध्ये १६ व २०१५ मध्ये १२ आणि ८ या आणखी पातळ प्रती ठरविण्यात आल्या.

हवामान व वापर : वर्धा जिल्ह्यातील केळझर परिसरात उन्हाळ्यात पारा ४५° से. च्या आसपास जातो. म्हणून दाट तेलच सुरक्षित, असा समज होणे स्वाभाविक आहे. तथापि तापलेल्या एंजिनातील तेल सुमारे १००° से. असते आणि शीतन यंत्रणा ते बरेचसे आटोक्यात ठेवते. तेलाची खरी कसोटी सततच्या भारात लागते. याच जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाल्यापासून मोटारी तासन्‌तास वेगाने धावू लागल्या. अशा धावेत तेल अधिक तापते. उलट गावातल्या गावात केलेल्या छोट्या फेऱ्यांत एंजिन पुरते तापत नाही व न जळलेले इंधन तेलात मिसळते. भारत स्टेज-६ मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्यावर डीझेल मोटारींत काजळी गाळण्या सर्रास आल्या. गाळणीतील काजळी जाळताना सोडलेल्या जादा डीझेलाचा काही अंश तेलात उतरतो. अशा वेळी तेलाची पातळी वाढलेली दिसते, पण श्यानता घटलेली असते.

हानीची कारणे : तेलाची कमतरता, धूळ व धातुकण, इंधनमिश्रण आणि लांबलेली तेलबदली ही प्रमुख कारणे होत. पटल तुटल्यास दंड व धारव्याचा मऊ अस्तरथर यांचा स्पर्श होतो. अस्तर पुसले जाऊन एंजिनातून ठोके ऐकू येतात व शेवटी दंड जखडतो.

पातळ तेलासाठी बनविलेल्या एंजिनात पंप, मोकळीक व धारव्याची रुंदी त्यानुसार ठरविलेली असते. त्यात फार दाट तेल घातल्यास थंड एंजिन सुरू होताना तेल धारव्यांपर्यंत उशिरा पोहोचते. दाट तेलासाठी बनविलेल्या एंजिनात पातळ तेल घातल्यास पटल अपुरे पडते. म्हणून निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेली प्रत वापरणे, मोजपट्टीवर पातळी नियमित पाहणे व पातळी अकारण वाढल्यास तेल त्वरित बदलणे हे धारव्यांच्या रक्षणाचे उपाय होत.